हाताला ज्ञानाचा दर्जा कधी?

22 आणि 23 ऑक्टोबर या तारखा शाळांच्या दिनविशेषात सहसा नसतात. त्या कधी सहामाही परीक्षेच्या धांदलीत, तर कधी दिवाळीच्या सुट्टीत येऊन जातात. पण 1937 साली याच दोन दिवसांत वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे आजच्या नवभारत विद्यालयात, एक शिक्षण परिषद भरली होती. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. त्या परिषदेने देशापुढे ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाजवळ ज्ञान असते की नसते? असेल, तर त्या ज्ञानाला शाळेत, वेळापत्रकात आणि गुणपत्रिकेत जागा का नाही? परिषदेची नव्वदी जवळ आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सहावीपासूनच्या व्यवसाय-शिक्षणाची चर्चाही पुन्हा सुरू झाली आहे. म्हणून या प्रश्नाकडे वर्ध्याच्या भूमीवरून पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे.

परिषदेला निमित्त होते मारवाडी शिक्षा मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे. जमनालाल बजाज यांचे पाठबळ आणि श्रीमन्नारायण अग्रवाल यांची धडपड तिच्यामागे होती. पण खरे कारण त्या वर्षीच्या राजकारणात होते. 1937 च्या जुलैत अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. सर्वांना प्राथमिक शिक्षण आणि दारूबंदी ही दोन्ही वचने त्यांनी दिली होती. मात्र शाळांवर खर्च होणाऱ्या पैशाचा मोठा भाग दारूवरच्या अबकारी करातून येत होता. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या, या पेचात मंत्री सापडले. बापाने दारू प्यावी आणि त्या पैशाने मुलाने शिकावे, हा व्यवहार गांधीजींना अधर्म वाटत होता. त्यातूनच 'हरिजन'मधल्या लेखांत त्यांनी मांडले की, शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगातून द्यावे, म्हणजे मूल शिकेल आणि त्याच्या कामातून शिक्षकाचा पगारही हळूहळू निघेल. वर्धा जिल्ह्यात आजही कागदोपत्री दारूबंदी आहे. ती आणि इथे जन्मलेली शिक्षणयोजना या एकाच पेचाच्या दोन बाजू आहेत, हे आपण विसरून गेलो आहोत.

परिषदेने चार ठराव केले. देशभर सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे. माध्यम मातृभाषा असावे. सगळे शिक्षण मुलाच्या परिसरातून निवडलेल्या उत्पादक कामाभोवती गुंफावे. आणि अशा कामातून शिक्षकांच्या वेतनाचा भार क्रमाक्रमाने भागेल अशी अपेक्षा ठेवावी. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, के. टी. शहा, आशादेवी आणि आर्यनायकम यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. चाळीस दिवसांत, 2 डिसेंबर 1937 रोजी, समितीने अहवाल दिला. पुढल्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि तिच्या कामासाठी सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशाला 2009 साली मिळाला. वर्ध्याच्या पहिल्या ठरावाला कायद्याचे रूप यायला 72 वर्षे लागली.

या योजनेवर 'गांधींची लहर' असा शिक्का तेव्हाही मारला गेला आणि आजही मारला जातो. तो अन्यायाचा आहे. वर्ध्याला जे एकत्र आले, त्यामागे जगभरच्या तत्त्वज्ञांचे शेकडो वर्षांचे भांडण होते. ते भांडण हात श्रेष्ठ की डोके, हेच होते. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात माणसे सोन्याची, चांदीची आणि लोखंड-पितळेची अशी वाटून टाकली. विचार करणारे वर आणि राबणारे खाली. अ‍ॅरिस्टॉटलने कारागिरीला स्वतंत्र नागरिकाच्या शिक्षणाबाहेर ठेवले. आपल्याकडे चातुर्वर्ण्याने हेच काम अधिक कठोरपणे केले. ज्याच्या हाती विद्या त्याने अवजाराला शिवायचे नाही आणि ज्याच्या हाती अवजार त्याने अक्षराला शिवायचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

युरोपात या भिंतीला पहिला मोठा तडा रूसोने दिला. 1762 च्या 'एमिल'मध्ये त्याने श्रीमंत घरच्या मुलाला सुतारकाम शिकवले. पेस्टालॉझीने स्वित्झर्लंडमधल्या अनाथ, गरीब मुलांबरोबर राहून डोके, हृदय आणि हात या तिघांच्या एकत्र वाढीचा आग्रह धरला. त्याच्याकडून प्रेरणा घेतलेल्या फ्रोबेलने जर्मनीत बालोद्यानाचा प्रयोग सुरू केला तो 1837 साली, वर्धा परिषदेच्या बरोबर शंभर वर्षे आधी. मग अमेरिकेत जॉन ड्यूई आला. त्याने 1896 साली शिकागोत प्रयोगशाळा म्हणून एक शाळाच काढली आणि तिथल्या मुलांना स्वयंपाक, विणकाम, लाकूडकाम यांतून इतिहास आणि विज्ञान शिकवले. 1899 च्या पुस्तकात त्याने त्या शाळेतला एक अनुभव नोंदवला आहे. मुलांचा एक गट अर्धा तास बसून बोंडातून आणि सरकीतून कापसाचे तंतू सोडवत होता, तरी एक औंससुद्धा कापूस निघाला नाही. मग पूर्वीचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरी कपडे का वापरत, हे त्या मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

ज्या जिल्ह्यात ऑक्टोबर उजाडला की सीतादही करून वेचणी सुरू होते, हिंगणघाटच्या जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात, तिथल्या वाचकाला या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. शिकागोत तो कापूस बाहेरून आणावा लागला होता. आपल्या मुलाच्या घरी तो ओट्यावर पडलेला असतो. तरीही आपल्या शाळेत कापूस भूगोलाच्या पुस्तकात 'प्रमुख पिके' या मथळ्याखाली भेटतो आणि गाळलेल्या जागा भरण्यापुरता उरतो.

हे सगळे विचार वर्ध्यात कोणकोणत्या वाटांनी आले, हेही पाहण्यासारखे आहे. झाकीर हुसेन जर्मनीत शिकले होते आणि कर्शेनस्टायनर यांच्या 'कामाच्या शाळे'चा विचार त्यांनी अभ्यासला होता. आर्यनायकम मूळचे श्रीलंकेचे. ते आणि आशादेवी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले होते. कुमारप्पांनी अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता आणि मगनवाडीत ते ग्रामोद्योगांचे प्रयोग करत होते. विनोबा 1921 पासून वर्ध्यात होते. गीतेतला कर्मयोग त्यांनी टकळीवर, स्वतःच्या कातण्याच्या मजुरीवर जगून, पारखून घेतला होता. आणि स्वतः गांधीजी 1904 साली रस्किनच्या पुस्तकाने हलले होते. 1910 पासून दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय आश्रमात त्यांनी मुलांबरोबर शेतीत राबून, चपला शिवून शिकवण्याचा अनुभव घेतला होता.

पण महाराष्ट्राने एक नाव या सगळ्यांच्या आधी घ्यायला हवे. ते महात्मा जोतीराव फुले यांचे. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितले होते की, प्राथमिक शिक्षण विशिष्ट वयापर्यंत सक्तीचे करा, खेड्यातल्या शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्या आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असा नेमा की, ज्याला वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाज वाटणार नाही. वर्धा परिषदेच्या 55 वर्षे आधीची ही मागणी आहे. फुल्यांनी ती अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूने मांडली होती, म्हणून ती अधिक टोकदार आहे.

सेवाग्रामच्या वर्गात हा विचार प्रत्यक्ष कसा उतरत होता? सूतकताईचे उदाहरण घेऊ. चार फुटांचा एक तार. अशा 160 तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी. गुंडी म्हणजे 2560 फूट सूत. मुलाने सकाळभर किती तार काढले, तासाला किती पडले, कालपेक्षा वेग वाढला की घटला, गुंडीचे वजन किती भरले, त्यावरून सुताचा अंक किती आला, पेळूत तूट किती गेली आणि मजुरी किती झाली? यात मोजणी आहे, गुणाकार-भागाकार आहे, सरासरी आहे, शेकडेवारी आहे. मग हा कापूस कुठून आला, काळ्या मातीतच का येतो, मँचेस्टरला का गेला आणि कापड होऊन परत का आला, असे विचारत गेले की विज्ञान, भूगोल आणि इतिहास ओघानेच येतात. याला समवाय पद्धती म्हणत. काम एका बाजूला आणि विषय दुसऱ्या बाजूला असे तिच्यात नव्हते. कामाच्या पोटातून विषय निघत होता. समितीच्या वेळापत्रकात रोजच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती, ती याच भरवशावर.

या योजनेवरचे आक्षेप दडवून तिचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परिषदेतच के. टी. शहा यांनी विचारले होते की, मुलांनी तयार केलेला माल बाजारात आला तर गरीब कारागिरांचे काय होईल? झाकीर हुसेन यांनीही इशारा दिला होता की, स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक मुकादम होतील आणि गरिबांच्या मुलांचे श्रम लुबाडले जातील. ज्याच्या नावाने अहवाल निघाला, त्यानेच ही धोक्याची सूचना करावी, हे त्या परिषदेच्या वैचारिक मोकळेपणाचे लक्षण आहे. साडेतीन तासांच्या आसपास कताई हा वेळ लहान मुलांसाठी फार होता, हेही मान्य केले पाहिजे.

याहून खोल आक्षेप जातीचा आहे. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या हातानेच काम करण्यात गेल्या, त्यांच्या मुलांना शाळेतही पुन्हा हाताचेच काम का? त्यांना पुस्तक हवे आहे, पदवी हवी आहे, कचेरीतली खुर्ची हवी आहे. ही मागणी न्याय्य आहे. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार मार्गदर्शक ठरतो. ज्या ड्यूईचा विचार वर्ध्याच्या समितीच्या विचारविश्वात होता, त्याच ड्यूईकडे बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तिच्यात कामाची निवड माणसाच्या आवडीने वा कुवतीने होत नाही, जन्माने होते. लोकशाही म्हणजे अनुभवांची मोकळी देवाणघेवाण, हे ड्यूईचे सूत्र त्यांनी भारतीय समाजाला लावले. या कसोटीवर कोणत्याही व्यवसाय-शिक्षणाला पहिला प्रश्न विचारावा लागतो. हे काम कोणाची मुले करणार?

वर्धा योजनेच्या मूळ आराखड्यात या प्रश्नाचे उत्तर होते. सुताराच्या मुलाने सुतारकाम आणि चांभाराच्या मुलाने चामड्याचे काम शिकावे, असे त्यात कुठेही नव्हते. शाळेतल्या सर्व मुलांनी एकच मूलोद्योग करायचा होता. ब्राह्मणाच्या, मारवाड्याच्या, कुणब्याच्या आणि महाराच्या मुलाने शेजारी बसून सूत काढायचे, शेत खणायचे, आवार झाडायचे होते. ज्या ज्ञानाला समाजाने खालचे ठरवले होते, ते अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणून बसवणे हा या योजनेचा सर्वांत क्रांतिकारक भाग होता. आणि म्हणूनच तिला सर्वांत जास्त विरोध झाला तो उघडपणे नाही, गुपचूप झाला. शहरातल्या, सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी जुन्या पुस्तकी शाळा तशाच चालू राहिल्या. 'मूलोद्योगी' शाळा खेड्यांच्या वाट्याला आल्या. मॅट्रिकच्या परीक्षेत, महाविद्यालयाच्या प्रवेशात आणि नोकरीच्या जाहिरातीत सूतकताईला किंमत नव्हती. मग खेड्यातल्या आईबापांनीही ओळखले की, ही दुसऱ्या दर्जाची शाळा आहे. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, यात त्यांचा दोष नाही. गरिबांच्या मुलांपुरते ठेवलेले काम शिक्षण उरत नाही, ते मजुरीची तयारी होते. तेच काम सर्वांच्या मुलांनी केले की त्याला शिक्षणाचा दर्जा येतो. ड्यूईने अमेरिकेत कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या व्यवसाय-शाळा काढण्याला विरोध केला होता, तो याच कारणासाठी.

पुढची कहाणी अनेकांना ठाऊक आहे. 1964–66 च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' मांडला. 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्या'ची शिफारस केली. कल्पना चांगल्या होत्या. पण साडेतीन तासांचे काम आठवड्यातल्या एखाद-दुसऱ्या तासिकेवर आले आणि ती तासिकाही गणिताच्या सरांनी मागून घ्यावी, अशी होऊन बसली. घरून पालकांनी करून दिलेली कागदी फुले आणि शोभेच्या वस्तू प्रदर्शनात मांडल्या गेल्या. एक मोठा विचार मेला तो वादात हरून नाही, वेळापत्रकात जागा न मिळाल्यामुळे. शिक्षणातले तत्त्वज्ञान ग्रंथांत कितीही भव्य असले, तरी त्याचे भवितव्य शाळेची घंटा, परीक्षेचा कागद आणि शिक्षकाचे प्रशिक्षण या तीन ठिकाणी ठरते.

तरी ज्योत विझली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' या बाण्यावर हजारो मुले शिकली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली आणि गुराख्याचे काम शिक्षणात सामावून घेतले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले वेल्डिंग, वीजजोडणी, शेती आणि अन्नप्रक्रिया करत गावाची खरी कामे करून विज्ञान शिकू लागली. सेवाग्रामची बंद पडलेली शाळा 2005 साली 'आनंद निकेतन' या नावाने नई तालीम समितीने पुन्हा उघडली. तिथे मराठी माध्यमातून, बागेतून, स्वयंपाकघरातून आणि कापसातून मुले विषयांपर्यंत पोहोचतात. हा विचार आजच्या काळात चालतो की नाही, हे विचारण्यासाठी वर्धेकराला दूर कुठे जावे लागत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा, सहावीपासून व्यवसायाच्या ओळखीचा आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांचा पुरस्कार केला आहे. त्या दहा दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, अशी कल्पना आहे. वर्ध्याच्या ठरावांचे सूर त्यात स्पष्ट ऐकू येतात. त्याचे स्वागत करताना आमच्या चार मागण्या आहेत.

पहिली, ही योजना सर्व शाळांना सारखीच लागू करा. आष्टी-कारंजाच्या जिल्हा परिषद शाळेतले मूल मातीत हात घालणार आणि वर्धा शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेतले मूल संगणकावर त्याचे चित्र पाहणार, असे होणार असेल, तर आपण जुनी भिंत नव्या रंगाने रंगवत आहोत. दुसरी, हातकामाला गुणपत्रिकेत खऱ्या विषयाचे वजन द्या आणि त्याचे मूल्यमापन मुलाने काय केले, त्यातून काय समजले यावर करा. तिसरी, कारागिराला शाळेत शिक्षक म्हणून बोलवा आणि त्याला मानधन द्या. समुद्रपूरचा अनुभवी कास्तकार, सेलूची बचतगट चालवणारी बाई, देवळीचा लोहार यांनी वर्गात उभे राहून शिकवले, तर मुलांच्या मनात ज्ञानाची व्याख्याच बदलेल. चौथी, शिक्षकांना समवायाचे प्रशिक्षण द्या. काम करून घेणे सोपे आहे, पण कामातून प्रश्न काढणे ही कला आहे. ती शिकवल्याशिवाय दहा दिवस ही दहा दिवसांची सहल होईल.

आणि काम कोणते, हेही नव्याने ठरवावे लागेल. टकळीचा हट्ट धरणे म्हणजे वर्ध्याच्या विचाराचा जीव सोडून त्याची वस्त्रे जपणे होय. आमचा जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा आहे. 2006 साली पंतप्रधानांनी ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धाही होता. इथल्या आठवीच्या मुलाने आपल्या घरच्या एका एकराचा हिशेब मांडावा. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, वेचणीची मजुरी, खेडा खरेदीतला भाव आणि हमीभाव यांतला फरक, हाती आलेला चुकारा आणि सावकाराचे वा बँकेचे व्याज. यापेक्षा जिवंत गणित कोणत्या पुस्तकात आहे? गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र शेतात जाऊन पाहणे, धाम नदीच्या पाण्याची तपासणी करणे, गावातल्या विहिरींची पातळी वर्षभर नोंदवणे, पऱ्हाटीपासून इंधन वा खत बनवून पाहणे, ही आजची सूतकताई आहे. अशा कामातून शिकलेले मूल डॉक्टर होवो, अभियंता होवो की कास्तकार होवो, त्याला फसवणे कठीण जाईल आणि राबणाऱ्या माणसाला कमी लेखणे त्याला जमणार नाही.

रूसोपासून ड्यूईपर्यंत आणि फुल्यांपासून विनोबांपर्यंत सर्वांना शेवटी हेच हवे होते. त्यांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो, त्यांच्या तसबिरी शाळेच्या भिंतीवर लावतो. त्यांचा विचार मात्र आपण वर्गाबाहेर ठेवला आहे. येत्या सत्रापासून वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने, मग ती सरकारी असो वा खासगी, मराठी असो वा इंग्रजी, आठवड्यातली निदान एक सकाळ गावच्या खऱ्या कामाला द्यावी आणि त्या कामाची नोंद गणित-विज्ञानाच्या गुणांत करावी. जिल्हा परिषदेने यात पुढाकार घ्यावा, संस्थाचालकांनी साथ द्यावी आणि पालकांनी त्याचा आग्रह धरावा. परिषदेला नव्वद वर्षे होतील, तेव्हा सभा आणि भाषणे तर होतीलच. त्यांच्या आधी हे काम सुरू झालेले असले पाहिजे.